संमतिपत्रावरची सही

शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर सही झाली की संमती मिळाली, असा समज रुग्णांत आणि डॉक्टरांतही आढळतो. माहितीपूर्ण संमती (उपचार, धोके आणि पर्याय समजून दिलेला होकार) बोलण्यातून घडते. सही ही तिची नुसती नोंद. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही केली म्हणून खोक्यात काय आहे ते कळत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीपुरती दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही. सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना घेतलेला आईचा होकारही पुरत नाही.

ओपीडीत रांग असताना बोलून समजावण्याइतका वेळ कुठला, हा आक्षेप खोटा नाही. पण ‘समजलं ना?’ विचारले की इंग्रजी कागदापुढे बिचकलेला रुग्ण मान डोलावतो. ‘उद्या काय करणार आहोत, ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हटले, तर गैरसमज तिथेच उघडा पडतो, आणि त्याला फार वेळही लागत नाही. नातेवाइकाला दुभाषी करणे सोयीचे खरे. मात्र काळजीपोटी तो नेमका धोक्याचा भाग गाळू शकतो. जीव वाचवण्याची घाई असेल तेव्हा संमतीसाठी थांबायचे नसते, हे कायद्यालाही मान्य आहे. एरवी सही करण्याआधी कागद आपल्या भाषेत समजावून मागा; तो तुमचा हक्क आहे.