परमुलखातील वरणभात

फौजी संसाराला बदली नवी नसते. पण बदली परदेशात झाली, की चुलीचे शास्त्रही नव्याने शिकावे लागते. भूतानमधील ‘हा’ या गावी १९६२ पासून भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक आहे. यजमानांच्या नेमणुकीमुळे मी तिथे बिऱ्हाड मांडले.

गावाची उंची सुमारे २७०० मीटर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९१ अंशांच्या आसपासच उकळते. पातेल्यातली डाळ रटरटत राहिली तरी लवकर मऊ होत नाही. कुकर आतला दाब वाढवतो, म्हणून त्यात ती लवकर शिजते. विरजणातल्या जिवाणूंना ऊब लागते; तेव्हा दह्याचे भांडे रात्रभर गोधडीत गुंडाळायचे.

यजमान महिना-महिना दूर असत. धाकटी ‘आजीसारखा वरणभात’ मागून उपाशी झोपे. शेजारच्या भूतानी बाई मिरची-चीजची एमा दात्सी आणून देत. माझे पिठले नेत. हळूहळू मुलगी त्यांच्या मांडीवर बसून वरणभात जेवू लागली. तिला चवीइतकेच भरवणारे माणूस हवे होते.

परदेशी निघालेल्या बहिणींनो, कुकरची जादा रिंग न्या आणि पहिल्याच आठवड्यात शेजारचे दार वाजवा.