सायलेन्सरची चाळीस वर्षं

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाईकाच्या हाती गेली. पुढच्या काही वर्षांत कोल्हापूरजवळच्या आमच्या पेठ वडगावातल्या डॉक्टरांच्या, अडत्यांच्या, साखर कारखान्यातल्या साहेबांच्या दारातही ती दिसू लागली. त्याआधीची अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट म्हणजे मिस्त्रीच्या हातातल्या गाड्या. मारुती मात्र इतकी हलकी आणि आटोपशीर होती, की घरातल्या कुणालाही जॅक लावून तिच्या पोटाखाली डोकावून बघावंसं वाटे. वडगावात घरच्या घरी सायलेन्सर बदलण्याची सुरुवात मी तिथून धरतो. त्या काळी त्यात हौसेचा भाग नव्हता. सायलेन्सर सडला म्हणून बदलावा लागे.

तो सडतो का, हे समजून घेण्यासारखं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पाईप शेवटपर्यंत तापलेला असेल तर ते वाफ होऊन बाहेर पडतं. पण वडगाव ते वाठार, घर ते बाजारपेठ असल्या छोट्या फेऱ्यांत मागचा डबा तापायच्या आतच इंजिन बंद होतं. मग वाफेचं पाणी होऊन डब्याच्या तळाशी साचतं, त्यात आम्ल मिसळतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा काळा रंग शाबूत, पण बोट दाबलं की भोक. म्हणूनच पुणे–बंगळूर महामार्गावर रोज लांब पळणाऱ्या गाडीचा सायलेन्सर टिके आणि गावातल्या गावात जपून फिरवलेल्या गाडीचा आधी जाई. लोकांना हे अन्यायाचं वाटे, पण रसायनशास्त्र असंच आहे.

मग गाठायचा वेल्डर. आमच्या भागातले वेल्डर उसाच्या ट्रॉल्या जोडून तयार झालेले. जाड चॅनेल आणि अँगल जोडण्यात त्यांचा हात धरणारा नाही. सायलेन्सरचा पत्रा मात्र दीड मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यात गंजून आणखी पातळ झालेला. आर्कचा करंट जरा जास्त झाला, की भोक बुजायच्या ऐवजी मोठं होई. जाणते वेल्डर करंट उतरवून, एकेक टाका देऊन, वरून पत्र्याची पट्टी चढवत. आणखी जाणते गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावत. कॉम्प्युटर असलेल्या गाड्या आल्यावर त्या सवयीचं मोल सगळ्यांना कळलं. पट्टीवर पट्टी चढवलेला डबा शेवटी हाताबाहेर गेला, की कोल्हापुरातून नवा आणून अंगणातच बसवायचा. या हातांनीच पुढची हौसही उभी केली, असं माझं ठाम मत आहे.

एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आतल्या बारीक छिद्रांच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो आणि विषारी वायू तिथे निवळतात. शिसं असलेलं पेट्रोल पडलं की मात्र ही जाळी निकामी होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हाच कन्व्हर्टर खेड्यापाड्यांत टिकण्याजोगा झाला. एका साध्या लोखंडी नळीचं रसायनाच्या यंत्रात रूपांतर झालं, ते या पाच वर्षांत. या चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल मी हाच मानतो, कारण अंगणात गाडीखाली शिरणाऱ्या माणसाच्या हातात आता शेजाऱ्यांच्या श्वासाचाही प्रश्न आला.

नेमक्या याच सुमारास हौस वाढली. महामार्ग चौपदरी झाला, झेन आणि एस्टीम जुन्या बाजारात परवडू लागल्या, २००५ मध्ये स्विफ्ट आली. कोल्हापूरला मोटारींच्या शर्यतींचं वेड आहेच. पुढे इथले ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखे तरुण राष्ट्रीय आणि परदेशी शर्यतींत उतरले, तेव्हा गावोगावच्या पोरांना गाडीचा आवाज म्हणजे ताकद वाटू लागली. मोठ्या व्यासाचा पाईप आणि मोकळा डबा, म्हणजे फ्री-फ्लो, कुरियरनं घरी येऊ लागला.

खरं तर नुसता मागचा डबा बदलून छोट्या इंजिनाला एखाद-दोन अश्वशक्ती मिळाली तर मिळाली. पाईप फाजील रुंद केला तर धुराचा वेग मंदावतो, सिलिंडरमधून जळका वायू ओढून काढण्याची क्रिया ढिली पडते आणि कमी आरपीएमला गाडी सुस्त होते. वाठारच्या पुलाखालून दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना ते लगेच जाणवतं. गरजेपुरताच व्यास ठेवणारा माणूस मला जास्त जाणकार वाटतो.

पण बसवण्याचं काम, ते मात्र मनापासून सुंदर आहे. गाडी सपाट कोब्यावर, चाकांना ठोकळे, आणि जॅकखेरीज दोन भक्कम लोखंडी घोडे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल पाजून ठेवायचं. घाईनं पाना ओढला तर स्टड तुटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. रबरी हँगर साबणाच्या पाण्यानं सुटतात. नवा पाईप आधी सगळीकडे सैलच टांगायचा. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी आणि बंपर यांच्यापासून अंतर बघायचं, मग इंजिनाकडून मागे येत एकेक बोल्ट आवळायचा. गॅस्केट जुनं वापरायचं नाही. गाडी चालू करून शेपटावर जाड फडकं दाबलं, की गळणारा सांधा फुसफुसून स्वतःची जागा सांगतो. हे सगळं उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात घेणं.

ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडचा सांधा गळता राहिला, तर धुराच्या दोन लाटांमध्ये बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो आणि ॲव्हरेज घसरतं. नव्या सायलेन्सरनं गाडी पेट्रोल प्यायला लागली, या तक्रारीमागे बऱ्याचदा वीस-तीस रुपयांचं पॅकिंग असतं.

कायदा पुढच्या काळात कडक झाला. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली. जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतानाचे पोलिसांचे फोटो राज्यभरातल्या वर्तमानपत्रांत येऊ लागले. मला ती कारवाई योग्यच वाटते. दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणं आणि अंगणात नीट सांधे जुळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीमुळे दुसरी बदनाम झाली याचं मला वाईट वाटतं.

१ एप्रिल २०२० पासून धुराचं नवं मानक, बीएस-६, आलं. कन्व्हर्टरच्या पुढेमागे सेन्सर, डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर. यातलं काही काढलं की डॅशबोर्डवर दिवा पेटतो, आणि कन्व्हर्टर काढणाऱ्याच्या बाजूनं मी एक शब्दही बोलणार नाही. घरी करण्यासारखं उरलं ते कन्व्हर्टरच्या मागचं: मूळ मापाचाच पण स्टेनलेस स्टीलचा, मूळ आवाजातला डबा, नवे हँगर, खडखडणाऱ्या उष्णतारोधक पत्र्याला एक क्लॅम्प. वडगावच्या छोट्या फेऱ्यांना स्टेनलेस पत्रा पुरून उरतो, आणि आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा तास पळवली तर साधा पत्राही बराच टिकतो.