लाल बटण दाबलं म्हणजे करंट गेला असं नव्हे!

शेतकरी बंधूंनो, राहुरी-नेवाशाचा उसाचा पट्टा असो की पारनेरची विहीर, मोटारीच्या पेटीत कोणता स्विच कशासाठी आहे हे पक्कं ठाऊक हवं.

मेन स्विच : हा तिन्ही फेज एकदम तोडतो. दुरुस्तीआधी हाच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. फ्यूजला जाड तार गुंडाळू नका. तार टिकते, मोटार जळते.

स्टार्टर : हिरवं बटण चालू, लाल बंद. लोड वाढला की आतला रिले मोटार थांबवतो. पण लाल बटणाने फक्त मोटार थांबते. पेटीत करंट असतोच. ओल्या हाताने झाकण उघडू नका.

ऑटो स्विच : रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू. झोपमोड टळते खरी. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डी.पी.वरच्या साऱ्या मोटारी एकदम उठल्या तर ट्रान्सफॉर्मर जळतो अन् उभं पीक वाळतं. शिवाय विहिरीत माणूस उतरलेला असताना मोटार सुरू झाली तर? म्हणून ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वारंवार सांगतं.

ईएलसीबी : करंट गळाला की क्षणात वीज तोडतो. घरासाठी तीस मिलीअँपिअरचा घ्या. महिन्यातून एकदा त्याचं 'टेस्ट' बटण दाबून पाहा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीचा स्विच अन् अर्थिंग पावसाळ्याआधी वायरमनकडून तपासून घ्यावं. खर्च थोडा, जीव मोलाचा.