पोरगं ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

"किती हाका मारल्या, पण हा ऐकेल तर शपथ!" आपल्या चाळींतून हे वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर येते. शाळेतून बाई निरोप धाडतात, मुलाचे लक्ष नसते. मग बाप दोन धपाटे घालतो आणि आई डोळ्यांना पदर लावते. लालबागच्या एका चाळीत आम्ही असाच एक मुलगा पाहिला. सकाळी उठला की शिंकांवर शिंका, पावसाळाभर नाक चोंदलेले, रात्री तोंड उघडे टाकून घोरणे. टीव्हीचा आवाज सारखा वाढवायचा. आम्हीही त्याला 'ढ' समजत होतो, हे कबूल केले पाहिजे. तपासल्यावर कळले की त्याच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते, आणि सुरुवात नाकातल्या अ‍ॅलर्जीपासून झाली होती.

नाकाचा कानाशी काय संबंध, असे कुणी विचारील. पडद्यामागच्या पोकळीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि कानात हवा खेळते. अ‍ॅलर्जीने नाकाचे अस्तर सुजले की नळीचे तोंडही सुजते. हवा आत जात नाही, कानाला दडे बसतात आणि आत पाणी झिरपून साचते. पुढे ते गोंदासारखे घट्टही होते. लहान मुलांची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. मात्र दर वेळी अ‍ॅलर्जीच असते असे नाही. साध्या सर्दीने किंवा नाकामागची गाठ वाढल्यानेही असे होते.

गिरणगावाला बहिरेपण नवे नाही. साचेखात्यात वर्षानुवर्षे खडखडाट सोसलेल्या कामगारांचे कान गेले, ते कायमचे. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. पडद्यामागच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. पाणी गेले की ऐकू येते. म्हणजे आजोबांचे बहिरेपण हटणारे नव्हते, नातवाचे बहुधा हटणारे आहे. वेळेवर कळले पाहिजे, एवढेच.

अ‍ॅलर्जी कशाने होते? गाद्या-गोधड्यांतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. झुरळे असतात. पावसाळ्यात ओलसर भिंतींवर बुरशी धरते. दहा बाय बाराच्या खोलीत विडीचा, अगरबत्तीचा आणि डासांच्या कॉईलचा धूर कोंडला की सुजलेल्या नाकाला आणखी त्रास होतो. यासाठी पैसा फारसा लागत नाही. अंथरूण-पांघरूण आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावे व उन्हात वाळवावे. ओल्या फडक्याने पुसावे, म्हणजे धूळ उडत नाही. रात्री उष्टी भांडी उघडी ठेवू नयेत. खोलीत विडी-सिगारेट तर नकोच.

आणि काय करू नये? कानात गरम तेल ओतू नये. पडद्याला भोक असेल तर ते आत जाऊन कान वाहू लागतो. रस्त्यावर कान साफ करणाऱ्यापुढे बसू नये, काडी किंवा हेअरपिन घालू नये. पडद्यामागचे पाणी बाहेरून निघत नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळीने शिंका थांबतील, पण तिने कानातले पाणी आटत नाही. म्हणून दुकानातून गोळी आणून गप्प बसू नये.

मुलाच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात हाक मारून पाहा. तो वळला नाही, सारखा "काय? काय?" करतो, बोबडे बोलतो, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. परळला १९२६ साली सुरू झालेले महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर आहे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच आहे. पुष्कळ मुलांचे पाणी तीन महिन्यांत आपोआप जाते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. पण थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. पुन्हा तपासून घ्यावेच लागते. तरीही राहिले तर पडद्यात छोटी नळी बसवतात. मोठ्या माणसाला एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तोवर बाईंना सांगून मुलाला पहिल्या बाकावर बसवा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला. आपल्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात. ते शिक्षण कानावाटेच आत जाते. तेव्हा पुढच्या खेपेला हात उगारण्यापूर्वी एकदा त्याचे कान तपासून घ्या.