जांभळी वाफ

मुलांनो, चिरलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा डाग पडतो, हा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. आमच्या चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, हे आयोडीन पहिल्यांदा सापडलं कुणाला?" खरं सांगायचं तर ते शोधायला कुणी निघालंच नव्हतं!

साल १८११. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या लढाया चालू होत्या. बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागे आणि पॅरिसमध्ये बर्नार कुर्त्वा यांचा सोऱ्याचा कारखाना होता. त्यासाठी लागणारे क्षार ते समुद्रशेवाळाच्या राखेतून काढत. मग भांड्यात उरलेला गाळ साफ करायला सल्फ्युरिक आम्ल घालत. एके दिवशी आम्ल जरा जास्तच पडले आणि भांड्यातून चक्क जांभळी वाफ उठली! गार जागी लागल्यावर तिचे पाणी झाले नाही, काळसर चमकदार स्फटिक जमले. तेच आयोडीन.

आता गंमत बघा. स्वयंपाकघरातल्या मिठावर हेच तीव्र आम्ल टाकले, तर असा रंग दिसत नाही. हायड्रोजन क्लोराईड नावाचा नाक झोंबवणारा वायू तेवढा निघतो. असे का?

क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही एकाच घरातली भावंडे. क्षारात असताना प्रत्येकाजवळ एक जादा इलेक्ट्रॉन असतो. क्लोरीन आकाराने लहान, त्यामुळे त्याचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ असतो. लहान मूल मुठीत लाडू धरतं ना, तसा तो घट्ट धरून ठेवतो. ब्रोमीन मोठा, त्याची मूठ थोडी सैल. आम्ल त्याच्याकडून थोडेफार इलेक्ट्रॉन हिसकावते, मग तांबूस-तपकिरी वाफ दिसते. आयोडीन तर त्याहून मोठा! त्याचा इलेक्ट्रॉन सहज जातो. पण हिसकावणाऱ्या आम्लाचेही रूप पालटते बरं का. त्याचा थोडा गंधक होतो, थोडा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू होतो.

पालकांनो, हा प्रयोग घरी मुळीच नको. या आम्लाने कातडी जळते, वाफाही विषारी असतात. स्कूटरच्या बॅटरीत असते ते याच आम्लाचे पाणी घातलेले रूप, त्यालाही हात लावू देऊ नका. बटाट्याचा प्रयोग मात्र खुशाल करा, फक्त तो बटाटा मग भाजीत घालू नका!

कुर्त्वांजवळ पुढच्या संशोधनाला पैसा नव्हता. त्यांनी ते स्फटिक ओळखीच्या रसायनशास्त्रज्ञांना दिले आणि १८१३ मध्ये जगाला बातमी कळली. गे-ल्युसॅक यांनी जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरांनी गलगंडावर आयोडीन वापरून पाहिले. आज आपल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले असते, ते गलगंड होऊ नये म्हणूनच.

हे सगळं सांगून झाल्यावर तीच मुलगी पुन्हा उठली. "आणि त्या कुर्त्वांना काय मिळालं?"

१८३१ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना ६,००० फ्रँकचे बक्षीस दिले. पण १८३८ मध्ये ते वारले, तेव्हा गरीबच होते.