आबांचे सहा तास

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी सात वाजता आबांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं बोबडं. "वारं लागलं असेल," म्हणत आजीनं तेल चोळलं, मी घोटभर पाणी पाजलं. मग नागपूर की हैदराबाद, यावर नातेवाइकांची फोनाफोनी. बेल्याजवळच्या आमच्या गावाहून नागपूरच्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "आजोबा शेवटचे ठणठणीत कधी होते?" स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळीचा झटका. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे सहा तास गेले होते.

अशा झटक्यात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद ३००. मोठं शहर गाठायच्या हट्टात वेळ रस्त्यातच संपतो. म्हणून चेहरा वाकडा, हात गळालेला किंवा जीभ अडखळलेली, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी लगेच १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन चोवीस तास मिळेल असं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा. आणि पाणीसुद्धा पाजू नका. गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

आठव्या दिवशी सुट्टी मिळाली. "अजून पंधरा दिवस ठेवा ना," असा आम्ही आग्रह धरला. डॉक्टर म्हणाले, "तब्येत स्थिर आहे. नुसतं पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, जंतुसंसर्ग होईल. त्यांना आता व्यायाम हवा, आणि ही खाट दुसऱ्या पेशंटला हवी."

मग वाटलं, व्यायाम आपणच घेऊ. पण भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवरचा 'अटेंड' अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले, तरी सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. घरच्यांची माया हवीच, पण ती जाणकार हातांची जागा घेत नाही. आम्ही आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडे जायचो, बाकीचे दिवस त्यांनी सांगितलं तेवढं घरी करायचो. बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकवली नाही.

यंदाच्या पोळ्याला आबा काठी टेकत गोठ्यापर्यंत गेले. बैलाला बाशिंग बांधायला त्यांनी उजवा हात उचलला, तो खांद्यापर्यंत आला. गाठ आजीनं मारली.

आता जवळच्या रुग्णालयाचा नंबर आमच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. तुमच्या घरीही लिहून ठेवा.