मासे मरण्याआधीच विष भिनलेले असते

खरिपाच्या फवारण्या सुरू असताना जोराचा पाऊस झाला, की शेतातील औषध मातीसोबत वाहून ओढ्या-तळ्यांत उतरते. एखाद्या सकाळी काठाला मेलेले मासे लागले की गावात चर्चा होते. पाण्यातील ऑक्सिजन घटल्यानेही मासे मरतात. त्यामुळे प्रत्येक वेळी कीटकनाशकच दोषी असते असे नाही. पण ते कारण असेल, तर मेलेला मासा ही नुकसानीची शेवटची पायरी असते.

क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीनएस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात. हा विकर मज्जातंतूंमधील संदेश वेळेवर थांबवतो. तो निकामी झाला की संदेश सुरूच राहतात. मासा थरथरतो, तोल जाऊन गोल गोल पोहतो, शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. मात्रा कमी असेल तर मासा जगतो, पण सुस्तावतो. अमेरिकेत सॅमन माशांवर झालेल्या प्रयोगांत डायझिनॉनच्या अत्यल्प मात्रेनेही त्यांची गंधाची जाण बिघडली आणि शत्रूची चाहूल लागूनही ते सावध झाले नाहीत.

सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे माणसासाठी तुलनेने कमी घातक मानली जातात, कारण आपले यकृत ती लवकर मोडते. माशाला ते जमत नाही. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश भागही अनेक जातींना मारक ठरतात. शिवाय पाणकिडे आणि सूक्ष्म जीव आधी मरतात, त्यामुळे वाचलेल्या माशांची उपासमार होते. कल्ल्यांच्या नाजूक पेशी सुजल्याने प्राणवायू घेणेही अवघड जाते. एंडोसल्फानसारखी औषधे तर चरबीत साठून राहतात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याच्या उत्पादन, विक्री आणि वापरावर बंदी घातली.

हा प्रश्न केवळ माशांचा नाही. माशाच्या मेंदूतील तोच विकर आपल्याही शरीरात आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचा मृत्यू झाला. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झाल्याचा संशय असेल, तर डॉक्टर रक्तातील कोलीनएस्टरेजचीच पातळी तपासतात.

उपाय साधे आहेत. पावसाची शक्यता असताना किंवा वारा असताना फवारणी टाळावी. फवारणी पंप व डबे ओढ्यात धुऊ नयेत. डबा तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. पाण्यावर मेलेले किंवा तडफडणारे मासे दिसल्यास ते खाऊ नयेत, गुरांना त्या पाण्यावर नेऊ नये आणि ग्रामपंचायत व कृषी सहायकाला कळवावे.